मधला काळ घरातच धरावा

८ जानेवारी

प्रिय मोजणीदार,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुझ्या कपाळावर आठी पडली असेल, तर ती तशीच राहू दे. वाचायला तिची अडचण होत नाही. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून लिहिते आहे. विषय कर हा आहे. दुसरा कोणताही नाही.

शेजारच्या लाकडाच्या वखारीच्या मालकांनी आपलं घर मागितलं आहे. त्यांची मुलगी नवरा आणि तान्ह्या बाळासह इकडे राहायला येते आहे. "जवळ हवी, पण माझ्या स्वयंपाकघरात नको," असं ते म्हणाले. भाव चांगला देताहेत. बहिणीकडच्या सामानाच्या खोलीत दिवस काढणं आता जड जातं, हिस्सा मोकळा झाला तर तिथेच एखादी लहानशी जागा घेता येईल, असं तू मागे कळवलं होतंस. ते मी विसरलेले नाही. म्हणून विकायला माझी हरकत नाही.

मी करसल्लागार बाईंकडे जाऊन आले. संवाद तुझ्या करमणुकीसाठी देते.

"घर दोघांच्या नावावर. नवरा-बायको?"

"नाही."

"भाऊ-बहीण?"

"नाही."

"मग तुम्ही एकमेकांचे कोण?"

"सहमालक."

"किती वर्षं?"

"एकोणीस."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "एकोणीस वर्षं नुसते सहमालक! अहो मास्तरीणबाई, माझा तर नवराही एवढा टिकला नाही."

आता मुद्द्यांकडे येऊ. तुला ठाऊक आहे, एखादा नियम मनासारखा उलगडला की मला खडू हातात घेतल्याशिवाय राहवत नाही. हा विषय मी समजत होते तितका रुक्ष मुळीच नाही.

पहिली गोष्ट. आपण घर ज्या किमतीला घेतलं आणि ज्या किमतीला विकू, त्यांतला फरक म्हणजे भांडवली नफा. कर घरावर नसतो, विक्रीवरही नसतो. तो या फरकावर असतो. फरक नसेल, तर कर नाही.

दुसरी गोष्ट. आपलं लग्न झालेलं नसल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने इथे एक घर नाहीच. दोन अर्धे आहेत आणि दोन अनोळखी माणसं आहेत. तुझा नफा तू मोजायचा, माझा मी. घराच्या मजबुतीसाठी केलेला कायमचा खर्च खरेदीच्या किमतीत मिळवता येतो, पण ज्याने केला त्याच्याच. रंग, किरकोळ डागडुजी यात धरत नाहीत; पाया मात्र धरतात. तू जाण्यापूर्वी तुझ्या अर्ध्याखाली काँक्रीटचे खांब खोल, कठीण थरापर्यंत उतरवलेस. त्यामुळे तुझा नफा तेवढा कमी दाखवता येईल. मी माझ्या अर्ध्याखाली काहीच केलं नाही, म्हणून मला ती वजावट नाही. त्या वेळी आपण जे एकमेकांना बोललो, त्याची इथे उजळणी नको. गवंड्याकडून त्या कामाचा दाखला मी मागवते.

तिसरी गोष्ट सर्वांत सुंदर आहे. मालक स्वतः ज्या घरात राहत होता, त्याच्या नफ्यावर राहिलेल्या काळापुरती माफी असते. मी सलग राहिले, मला पूर्ण माफी. तू गेल्याला येत्या मार्चअखेर तीन वर्षं होतील. तेवढ्या काळापुरता तुझ्या हिश्श्यावर कर बसेल. पण पुढे एक पोटकलम आहे. घर सोडून गेलेला मालक तीन वर्षांच्या आत परत आला आणि विक्रीपूर्वी पुन्हा खरोखर तिथे राहिला, तर तो का गेला होता हे कोणी विचारत नाही. मधला काळ घरातच धरावा, असं म्हटलं आहे. म्हणजे तो गेलाच नव्हता.

मी ते वाक्य बाईंकडून दोनदा वाचून घेतलं. कायद्याच्या पुस्तकात इतकं मऊ वाक्य असेल असं वाटलं नव्हतं.

मी केवळ माहिती देते आहे. यातून तू काही करावंस असा माझा आग्रह नाही.

मधल्या खोलीचं दार हल्ली थोडं घासतं. हवा दमट आहे म्हणून असेल.

तुझी सहमालक,
मास्तरीण

२७ जानेवारी

प्रिय मोजणीदार,

तुझं कार्ड मिळालं. संपूर्ण मजकूर: "खरोखर राहणे म्हणजे काय? व्याख्या कळव." इतक्या दिवसांनी आलेल्या कार्डात कशी आहेस हेही नाही! पण प्रश्न उत्तम आहे. पहिल्या बाकावरचा आहे.

उत्तर असं. किती दिवस राहिलं यापेक्षा कसं राहिलं हे पाहतात. पाहुण्यासारखं बॅग न उघडता राहिलं तर ते राहणं नव्हे. कपडे कपाटात हवेत. टपाल त्या पत्त्यावर यायला हवं. बाई म्हणाल्या, "न्हाणीघरात त्याचा टूथब्रश ओला दिसला पाहिजे, एवढं लक्षात ठेवा." माणूस आणखी कुठे नाही, इथेच परत येतो, असं त्या जागेकडे पाहून वाटलं पाहिजे. मला ही व्याख्या फार आवडली. हिच्यात कुठेही लग्न लागत नाही.

तुझी पश्चिमेची खोली मी आतल्या दाराने जाऊन उघडली. हवा कोंडली होती. गादी उन्हात टाकली, चादर घातली. कराच्या दृष्टीने तयारी असावी, एवढाच हेतू.

दुसरं म्हणजे, मधल्या खोलीतल्या पितळी पट्टीबद्दल. घर घेतलं त्या वर्षी तू टेप आणि ओळंबा घेऊन दोन दिवस रांगत होतास आणि घराचा अचूक मध्य शोधून तिथे फरशीत ती पट्टी बसवलीस; मी पोट धरून हसले होते. इकडचा नळ बिघडला तर मी बघायचा, तिकडचा तू. पट्टीवर पडलेली चप्पल कोणाची यावर आपण एकदा एक रविवार घालवला. आता त्या पट्टीच्या शेजारी, माझ्या बाजूला, फरशीत एक बारीक फट दिसते. तीच पुढे भिंतीवर चढली आहे आणि छतापर्यंत गेली आहे. केसाएवढी आहे. पट्टीच्या इतकी बरोबर समांतर, की तूच आखली असावीस असं वाटतं.

भिंत हलते आहे की फट जुनीच आहे, हे ठरवण्याची एक सोपी पद्धत आहे. फटीवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरने घट्ट बसवायची. काच ताणली जात नाही. भिंत जरा जरी सरकली तरी काच तडकते. शाळा सोडताना प्रयोगशाळेतून मिळालेली सूक्ष्मदर्शकाच्या काचांची पेटी माझ्याकडे आहेच. तिच्यातल्या तीन लावल्या. खाली, मध्ये आणि वर. शिडीवर चढताना गुडघ्याने तक्रार केली.

हे केवळ कुतूहल आहे. काळजीचं काही नाही. एक गोटी फरशीवर ठेवली तर ती माझ्या बाजूला गडगडत जाते, पण गोट्यांचा काय भरवसा.

मास्तरीण

११ फेब्रुवारी

प्रिय, प्रिय मोजणीदार,

तुझं पत्र आत्ता आलं. पत्र! कार्ड नव्हे! तू एक मार्चला येतो आहेस. दोन बॅगा आणतो आहेस. टपालाचा पत्ता बदलायचा अर्ज केला आहेस. "टूथब्रश आणतो, ओला ठेवणं तुझ्याकडे" या वाक्यावर मी मोठ्याने हसले, आणि मग घरात माझ्या एकटीचंच हसू किती दिवसांनी ऐकते आहे असं वाटलं. तू लिहितोस की फक्त करासाठी येतो आहेस, गैरसमज नको. नाही. गैरसमज मुळीच नाही. मी तुला पोटकलम का कळवलं होतं, असंही तू विचारतोस. कायदा सर्वांना माहीत असावा म्हणून.

काय काय आणायचं ते सांगते. चादरी आहेत. तुझा जुना कंदिलासारखा दिवा आहे, त्याचा बल्ब

हे अर्धं राहिलं. दुपार झाली आहे.

लिहिता लिहिता मधल्या खोलीतून आवाज आला. मोठा नव्हे. खडू मोडावा तसा. मी उठून गेले. वरची काच मधोमध तडकली आहे.

आता शांतपणे विचार करू. काच तडकण्याची कारणं अनेक असू शकतात. एक, प्लास्टर वाळताना आकसलं असेल. दोन, वखारीत करवत सुरू झाली की भिंतीला हादरा बसतो. तीन, काच मुळातच सदोष असेल. शाळेची खरेदी नेहमी सर्वांत स्वस्त दुकानातून होत असे. मी दुसरी काच लावली आहे. घाईत ती थोडी वाकडी बसली.

तू एक मार्चऐवजी पाच तारखेला निघालास तर चालेल का? तीन वर्षं मार्चअखेर होतात, घाई नाही. तोपर्यंत मी नीट पाहून ठेवते.

रागावू नकोस. येऊ नको असं म्हणत नाही.

तुझी,
मास्तरीण

१५ फेब्रुवारी

मोजणीदार,

मधली काच गेली. आणि वरची दुसरीसुद्धा.

मी गवंड्याला बोलावलं. त्याला कराच्या दाखल्यासाठी यायचंच होतं. मधल्या खोलीत उभा राहून तो खुशीत होता.

"साहेबांचा अर्धा बघा, बाई. हत्ती उभा केलाय हत्ती! जागचा हलणार नाही."

"आणि माझा?"

"तुमचा आपला जुन्याच मातीवर आहे. दरवर्षी थोडा खाली बसतो. ती माती तशीच, भिजली की फुगते, वाळली की आकसते." मग डोकं खाजवून म्हणाला, "मी तेव्हाच म्हटलं होतं, दोन्हीकडे घालू. साहेब म्हणाले, माझ्या अर्ध्याचे पैसे माझे, तिचं ती बघेल. तुम्ही म्हणालात, माझा अर्धा ठणठणीत आहे. मी मधल्या मध्ये काय बोलणार? मी तर आपला पट्टीपर्यंत खणलं आणि थांबलो."

पट्टीपर्यंत खणलं आणि थांबला. हे वाक्य मी घरभर घेऊन फिरते आहे.

मी विज्ञान शिकवलं आहे. पुढे काय होतं ते मला दिसतं. तुलाही दिसावं म्हणून पायरी पायरीने लिहिते. टेबलावर दोन सारखी पुस्तकं ठेव. त्यांच्यावर लाकडी फूटपट्टी आडवी ठेव, आणि मध्यावर पाटी टेकव. ही पाटी म्हणजे मधल्या खोलीची भिंत, आणि फूटपट्टी म्हणजे छताची लांब तुळई, जी तुझ्या खोलीवरून निघून माझ्या खोलीवर संपते. आता एका पुस्तकातून एक एक पान फाडत जा. दुसरं पुस्तक जसंच्या तसं राहील. त्याला काहीही झालेलं नसेल. पण फूटपट्टी एका बाजूने खाली जाते, पाटी कलते, आणि फूटपट्टीचं दुसरं टोक त्या भक्कम पुस्तकावरून उचललं जातं. मग सरकतं. एका क्षणी ते टेकलेलं नसतंच.

तू लिहिलंस, "माझा अर्धा पक्का आहे, मी माझ्या अर्ध्यात झोपेन." तुझा अर्धा पक्का आहे, हे खरं आहे. पण तुझ्या अर्ध्यावरचं छत माझ्या अर्ध्याच्या आधाराने उभं आहे. सगळंच खचलं असतं तर निदान हळूहळू, एकत्र कललं असतं. एक बाजू अढळ असल्यामुळे ते मध्येच तुटणार आहे. आणि तुळईचं टोक जिथे सुटेल, त्याच्या बरोबर खाली तुझा पलंग आहे. मी टेप लावून पाहिलं. तुझाच टेप.

कायद्याने दोन अर्धे मानले. जमिनीला ते कोणी कळवलेलं नव्हतं.

येऊ नकोस. कर बसला तर बसू दे.

मी स्वयंपाकघरात झोपते आहे, बाहेरच्या दाराजवळ, चपला घालून. दिवसासुद्धा मधल्या खोलीतून जाताना श्वास रोखते, जणू माझ्या श्वासाने काही हलणार आहे. हे हास्यास्पद आहे, मला कळतं. तरी रोखते.

येऊ नकोस.

२१ फेब्रुवारी

मोजणीदार,

तुझं उत्तर मिळालं. त्यातल्या मजकुराला मुद्देसूद उत्तर देते, कारण ओरडले तर तू वाचणं थांबवशील.

तू म्हणतोस, "आधी बोलावलंस, आता बागुलबुवा दाखवतेस. यायचं ठरल्यावर तुझा धीर सुटला, एवढंच." धीर सुटला हे खरं, पण तुझ्या येण्याने नव्हे. तू येशील म्हणून गेल्या आठवड्यात मी दिव्याचा बल्ब आणला. तो अजून टेबलावर आहे.

तू म्हणतोस, "फट बुजव, रंग मार, पुढे कपाट लाव, आणि वखारवाल्याला काही बोलू नकोस. मार्चच्या आत व्यवहार होऊन जाऊ दे." हे वाक्य तू रागात लिहिलंस असं मी धरते. मी त्या बाळाला पाहिलं आहे; वखारवाल्यांची मुलगी त्याला घेऊन घर बघायला आली होती. तिने मधली खोली बघून विचारलं, "पाळणा इथे ठेवला तर? दोन्हीकडून दारं आहेत, हवा छान खेळते." ती पितळी पट्टीवर उभी होती. बाळाने माझं बोट धरलं होतं आणि सोडायला तयार नव्हतं. मी काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी वखारीत गेले आणि वखारवाल्यांना सगळं सांगितलं. फूटपट्टी आणि पुस्तकं बरोबर नेली होती. ते फळीवर बसून ऐकत होते. फूटपट्टी सरकून खाली पडली, तेव्हा त्यांनी ती उचलून माझ्या हातात दिली.

"मास्तरीणबाई, न सांगता विकलं असतंत तर मला कळलंही नसतं."

"कळलं असतं."

"हो," ते म्हणाले. "पण उशिरा." बराच वेळ ते करवतीच्या पात्यावरचा भुसा झटकत राहिले. मग म्हणाले, "घर नको. जागा द्या. मला फळ्या रचायला लागतेच आहे. भाव मात्र जागेचाच मिळेल, सांगून ठेवतो. आणि पाडायचा खर्च माझा, म्हणजे तुम्ही मला दयाळू म्हणायला मोकळ्या."

जागेचा भाव आणि एकोणीस वर्षांपूर्वीची आपली खरेदी, हे दोन आकडे घेऊन मी करसल्लागार बाईंकडे गेले. पहिल्या पत्रातली पहिली गोष्ट आठव. फरक नसेल, तर कर नाही. बाईंनी आकडे मांडले आणि पेन खाली ठेवलं. फरक उलटा आहे. तुझ्या खांबांचा खर्च मिळवला तर तुझा तोटाच आहे, माझ्याहून जास्त.

"तोट्याबद्दल सरकार काही देतं का?" मी विचारलं.

"राहत्या घराच्या? छे. त्याबद्दल फक्त मी चहा देते." आणि त्यांनी खरोखर दिला.

तुझ्या वाट्याला येईल त्यात तिथे लहान जागा येणार नाही, हे मला कळतं. एखादी भाड्याची नीट खोली मात्र नक्की येईल, खिडकी असलेली. माझा वाटा मला पुरेल. कमी पडलं तर कळव.

म्हणजे आता असं: नफा नाही, म्हणून कर नाही. कर नाही, म्हणून माफी नको. माफी नको, म्हणून परत येऊन राहण्याची अट नाही. ते पोटकलम आपल्याला लागूच होत नाही. तू यायला हवंस असं कायद्यात एकही कारण उरलेलं नाही. सोबत मुखत्यारपत्र पाठवते. सही करून टपालात टाकलंस तर तुझ्या वतीने मी कचेरीत जाईन. दहा पायऱ्यांचं गणित सुटल्यावर फळ्यावर मागे उभं राहून पाहावं तसं मी हे उत्तर पाहते आहे. बरोबर आहे. कुठेही चूक नाही. मुलं टाळ्या वाजवतील असं.

मला ते अजिबात आवडलेलं नाही.

मास्तरीण

२६ फेब्रुवारी
(फाटकाला लावलेलं)

मोजणीदार,

थांब. बॅगा खाली ठेव. फाटकाच्या आत पाऊल टाकू नकोस.

तुझी बहीण फोनवर म्हणाली, "तो तर काल सकाळीच निघाला! फोन बंद ठेवलाय. म्हणाला, माझ्या अर्ध्यात जाऊन झोपतो, बघू कोण अडवतं ते. तुझं कालच एक जाड पाकीट आलं, पण तो गेल्यावर." म्हणजे मागचं पत्र तुझ्या हाती पडलेलंच नाही, आणि तू अजून कर वाचवायला येतो आहेस. त्यातलं एकच वाक्य इथे देते: कर नाही. एक पैसाही नाही. वखारवाले फक्त जागा घेताहेत, आणि त्या किमतीत नफा उरत नाही. तुला इथे राहण्याची गरज नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि ती वाचेपर्यंत कुलपाला हात लावू नकोस. काल दुपारी मी तुझ्या खोलीत दिवा काढून आणायला गेले होते. दारातच होते. डोक्यावर लाकूड कण्हल्यासारखा आवाज आला आणि मी मागे सरले. पुढचं क्षणात झालं. तुळईखालचं प्लास्टर, माझ्या दोन ओंजळींत मावणार नाही एवढं, सलग खाली आलं. ते तुझ्या उशीवर पडलं. नव्या चादरीवर. उशी दिसेनाशी झाली. धूळ बसेपर्यंत मी हलले नाही, आणि धूळ बसल्यावर बाहेर पळाले. चपला पायात होत्या, ही दूरदृष्टी कामी आली. तुळई अजून वर आहे. तिचं टोक भिंतीवर बोटभर टेकलं आहे. बोटभर म्हणजे अंदाज नव्हे. मी रस्त्यावरून तुझ्या दुर्बिणीने पाहिलं.

तुझ्या दाराचं कुलूप मी बदललं नाही. सहमालकाला त्याच्या घरातून अडवण्याचा मला अधिकार नाही, हेही बाईंना विचारलं होतं. गवंड्याने त्यावर दोन फळ्या ठोकल्या आहेत. "साहेब या फळ्या काढतील बरं का," तो म्हणाला. काढशील, हे मला माहीत आहे. म्हणूनच पत्र लावते आहे. हाक मारली असती तर तू ऐकून न ऐकल्यासारखं करून आत गेला असतास. पण लिहिलेलं काही समोर आलं की तू ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचल्याशिवाय हलत नाहीस. एकोणीस वर्षांत विजेचं बिलसुद्धा तू कधी अर्धवट सोडलं नाहीस. त्या खोडीवर मी आज सगळा भरवसा ठेवला आहे. म्हणून हे पत्र थोडं लांबही केलं आहे. तू वाचतो आहेस तेवढा वेळ तू बाहेर आहेस.

मला भीती वाटते आहे, मोजणीदार. मी प्रत्येक भीतीला कारणं जोडून ती वहीत मावेल एवढी करून टाकते, असं तू जाताना म्हणाला होतास. ही मावत नाही. पहाटेपासून प्रत्येक बस थांबली की मला वाटतं, तू उतरशील आणि मी पाणी प्यायला आत गेलेली असेन. त्यामुळे मी पाणीही प्यायलेले नाही.

तू करासाठी आला असशील, तर काम झालं आहे. बस अर्ध्या तासाने परत जाते. बहिणीकडच्या त्या जाड पाकिटात मुखत्यारपत्र आहे, सही करून पाठव. मी मनात काही धरणार नाही.

करासाठी आला नसशील, तर लक्षपूर्वक वाच. समोर शिंप्याचं दुकान आहे. त्याच्या वर एक खोली आहे, ती मी भाड्याने घेतली आहे. जिना बाहेरून आहे, कठडा पक्का आहे, मी हलवून पाहिला. दार घासत नाही. फरशीवर गोटी ठेवली तर ती जिथल्या तिथे राहते. तुझा दिवा उचलून आणता आला नाही, बल्ब आहे. खोली एका नावाने घेतलेली आहे आणि तिच्यात कुठेही पट्टी नाही. मधला काळ तिथे धरता येईल का, याबद्दल पुस्तकात काही सापडलं नाही. मी शोधलं.

तुझं वाचून होत आलं आहे, हे मला दिसतं आहे. फाटकावरचा हात काढ. मागे वळ, आणि वर खिडकीकडे बघ.